कात्रज ते शनिवारवाडा : सायकल, ऊन आणि पाणी



पुण्यात आपले कोणी ना कोणी असतेच. कोणाचा मुलगा शिकायला असतो, कोणाची मुलगी नोकरीला असते, आणि मार्केट यार्डात माल घेऊन तर आपण स्वतःच जातो. म्हणून आज पुण्याविषयी लिहितो आहे. मात्र पाहण्यासारख्या ठिकाणांची यादी देण्याचा हेतू नाही. पुण्याच्या रस्त्यावर मागच्या एप्रिलमध्ये आमच्या घरावर जो प्रसंग आला, त्यातून जे शिकलो ते सांगायचे आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगा सायकलवरून पडला म्हणे. तू आधी पुण्याला जा." भाचा पुण्यात धनकवडीला खोली घेऊन राहतो. सकाळी कॉलेज, आणि अकरा ते चार सायकलवरून घरोघर पार्सल पोचविण्याचे काम. घरून पैसे मागवायला लागू नयेत म्हणून त्याने हे काम धरले आहे. सिंहगड रस्त्यावर दुपारी दीडच्या सुमारास त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो सायकलसकट आडवा झाला. लोकांनी उचलून दुकानाच्या सावलीत बसविले, दवाखान्यात नेले. मी पोचलो तेव्हा सलाईनची दुसरी बाटली संपत आली होती. कोपराला दोन टाके पडले होते. मागून एखादे जड वाहन येत असते तर काय झाले असते, हा विचार मी बहिणीजवळ बोललो नाही. तिनेही विचारले नाही.

डॉक्टरांनी एवढेच सांगितले, की शरीरातले पाणी आणि मीठ कमी पडले होते. भाच्याला विचारले, "सकाळपासून प्यालास तरी काय?" हिशेब असा निघाला : उठल्यावर एक कप चहा, पोह्यांवर एक पेला पाणी, आणि त्यानंतर दीडपर्यंत काही नाही. "मामा, तहान लागलीच नव्हती," तो म्हणाला. मग जरा थांबून खरे कारण सांगितले. "बाटली वीस रुपयांची. दिवसाला तीन घेतल्या तर साठ रुपये तिथेच गेले. आणि पाणी प्यायल्यावर लघवीला थांबायचे कुठे?"

पिकाला पाणी किती आणि केव्हा द्यावे हे सांगण्यात माझे आयुष्य गेले. घरच्या पोराला ते कधी सांगितले नव्हते. टाके काढून तो हिंडू-फिरू लागल्यावर एका रविवारी मुद्दाम पुण्याला गेलो. म्हटले, चल, तुला सायकलवरूनच शिकवितो.

पाणी आले त्या वाटेने

मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलो. घरची बावीस इंची सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली होती. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्यांची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच दिसत. पुढे दुचाकी वाढल्या आणि सायकल कडेला गेली. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या सायकलीही रस्त्यावर आल्या, पण ती भाड्याची योजना फार काळ टिकली नाही. आज सायकल दिसते ती पहाटे व्यायाम करणाऱ्यांची आणि भर दुपारी पोट भरणाऱ्यांची. पाण्याची काळजी दुसऱ्याला अधिक घ्यावी लागते.

भाच्याच्या खोलीतल्या एका मित्राचा वजनकाटा होता. निघण्यापूर्वी भाच्याला त्यावर उभे केले. वजन भरले ५८ किलो ४०० ग्रॅम. दोघांनी दोन-दोन पेले पाणी घेतले, ते मात्र वजनाच्या आधीच. अर्धा तास थांबलो आणि मित्राची सायकल मागून घेऊन साडेसहाला कात्रजच्या तलावाकडे निघालो.

हा तलाव अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत बांधला गेला. पुणे वाढत होते आणि नदी-विहिरींवर भागेना. तेव्हा कात्रजच्या डोंगरातल्या ओढ्याला बांध घालून पाणी अडविले आणि जमिनीखालून दगडी नळ बांधून ते शनिवारवाड्यापर्यंत नेले. मोट नाही, पंप नाही. कात्रज उंच आणि शहर खाली, त्या उतारानेच पाणी चालत गेले. नळ एवढा मोठा, की आत माणसाने उतरून गाळ काढावा. वाटेत ठिकठिकाणी वर उघडणारे धुराड्यासारखे बांधकाम केले, त्याला उच्छ्वास म्हणतात. त्यांतून नळात कोंडलेली हवा बाहेर पडे. शहरात हे पाणी हौदांत सोडले जाई. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. आज ते पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत, पण ज्याला उताराच्या पाण्याचे गणित कळते अशा शेतकऱ्याने एकदा ही वाट पाहावी.

आम्ही त्याच दिशेने सातारा रस्त्याने उतरत निघालो. बालाजीनगर, पद्मावती करीत स्वारगेटला आलो, उजव्या-डाव्या हाताच्या गर्दीतून वाट काढीत शनिवारवाड्यासमोर पोचलो. सारे मिळून दहा किलोमीटरच्या आसपास. उतार असल्याने पायांना काम कमी. दर पंधरा-वीस मिनिटांनी मी थांबवीत होतो आणि चार-पाच मोठे घोट प्यायला लावीत होतो.

"मामा, अंगाला घामही नाही, कशाला पाजता?" भाचा म्हणाला. मी म्हटले, "शर्टाची पाठ बघ." पाठ कोरडी होती, पण तिच्यावर पांढरी मिठाची रेघ उमटू लागली होती. घाम येत होता, तो वाऱ्याने तिथल्या तिथे वाळत होता. सायकलवाल्याची फसगत होते ती इथेच. चालत्या सायकलवर वारा लागतो आणि गार वाटते. सिग्नलला थांबले, की एकदम घामाच्या धारा लागतात. तो घाम त्या क्षणी आलेला नसतो, तोवर वाळत होता आणि आता वाळेनासा झाला, एवढेच.

त्यात पुण्याची हवा कोरडी. एप्रिलच्या दुपारी पारा चाळीसच्या आसपास जातो आणि हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. कोकणात माणूस घामाने चिंब होतो, म्हणून त्याला कळते तरी. पुण्यात आणि आपल्या दुष्काळी तालुक्यांत शरीरातले पाणी न दिसता उडून जाते.

वेधशाळेपाशी

नदी ओलांडून शिवाजीनगरला आमच्या महाविद्यालयात गेलो. १९०७ साली स्थापन झालेली ही संस्था. पुण्यात १९३२ साली हवामान खात्याचा शेतीसाठीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि महाविद्यालयाच्या शेतावरच्या कृषी वेधशाळेत आम्ही विद्यार्थी नोंदी घ्यायला शिकलो. तिथे एक उथळ, गोल पात्र असते. त्यातले पाणी दिवसभरात किती मिलिमीटर उतरले ते मोजायचे. एप्रिल-मे महिन्यांत हा आकडा आठ-दहा मिलिमीटरपर्यंत जातो. त्यावरून पिकाची पाण्याची गरज काढतात.

भाच्याला म्हटले, माणूसही तसाच. पान आपल्या छिद्रांतून पाणी वाफेच्या रूपाने सोडते आणि स्वतःला थंड ठेवते. मुळांतून पाणी कमी आले, की छिद्रे मिटतात, पान तापते आणि कोमेजते. माणसाच्या अंगातून घाम उडतो आणि अंग थंड राहते. पाणी कमी पडले की रक्ताचे आकारमान घटते, हृदय जोराने धडधडू लागते, कातडीकडे जाणारे रक्त आणि घाम दोन्ही आटतात. मग अंग तापू लागते.

हिशेबही सोपा आहे. सायकल चालविताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाऊण भाग चाकाला न जाता उष्णतेत जातो. तासाला चारशे किलोकॅलरी खर्च झाल्या तर तीनशे उष्णता झाल्या. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे नुसती स्वतःची उष्णता घालवायला तासाला अर्धा लिटर घाम हवा. वरून ऊन आणि खालून डांबर तापलेले असेल तर आणखी. म्हणून उन्हात सायकल चालविणाऱ्याचा घाम तासाला अर्ध्यापासून दीड लिटरपर्यंत जातो.

वजनाच्या दोन टक्के पाणी उतरले, की ताकद आणि लक्ष दोन्ही कमी होऊ लागते. साठ किलोच्या माणसाला हे दोन टक्के म्हणजे जेमतेम सव्वा लिटर. तहान मात्र उशिरा लागते. पान माना टाकेपर्यंत थांबून मग पाणी देणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही.

पाटाने नको, ठिबकने द्या

किती प्यावे? निघण्याच्या तासभर आधी दोन पेले. वाटेत दर पंधरा-वीस मिनिटांनी अर्धा ते पाऊण पेला, म्हणजे तासाला अर्धा ते पाऊण लिटर. फारच घाम असेल तर थोडे अधिक. एकदम लिटरभर रिचविले तर ते पोटात डचमळते आणि मळमळ होते, कारण पोटातून पाणी पुढे सरकण्यालाही मर्यादा आहे. उसाला पाट सोडण्यापेक्षा ठिबक बरे, तसेच हे.

घामाबरोबर मीठ जाते, लिटरला साधारण एक ग्रॅम सोडियम. म्हणून तासाभराहून अधिक घाम गाळायचा असेल तर नुसत्या पाण्यावर भागवू नये. घरचे लिंबू सरबत करावे : एक लिटर पाणी, एका लिंबाचा रस, पाव चहाचा चमचा मीठ आणि तीन-चार चमचे साखर. मीठ घातलेले पातळ ताक तर उत्तमच. उलट बाजूही ध्यानात ठेवा. काही जण भीतीपोटी तासाला दोन-दोन लिटर नुसते पाणी पितात. त्याने रक्तातले सोडियम पातळ होते आणि डोके दुखणे, उलटी, भ्रम असे होते. तेही जिवावर बेतते. सायकल चालवून परत आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर पाणी जास्त झाले असे समजावे.

मीठ-साखरेच्या पाण्याची ताकद मोठी आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारोंना वाचविले. आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत जातात आणि मागे पाणी ओढून नेतात, हे त्यामागचे शास्त्र. जलसंजीवनीची पुडी त्याच तत्त्वावर आहे. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच करावी. दुकानात तशाच नावाने मिळणाऱ्या गोड पेयांपासून सावध राहा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ साली अशा पेयांवर ते नाव छापण्यास मनाई केली आहे.

पुण्यात रसवंत्यांची घुंगरे ऐकली की पाय थबकतात. उसाचा रस आपल्याच शेतातला, त्याला नाव कसे ठेवू? पण त्यात साखर दहा टक्क्यांहून अधिक. उन्हात तो पोटात रेंगाळतो. अर्धा पेला घ्या, बर्फाशिवाय घ्या आणि त्यावर पाणी प्या. मधुमेह असणाऱ्यांनी दुरूनच घुंगरे ऐकावीत. नीरा, शहाळे, कोकम, पन्हे चांगले. चहा अगदी वाया जात नाही, पण एका कपात असते ते किती? दारू मात्र उन्हाच्या दिवशी शत्रू समजावी. आणि खिशातल्या कांद्याने ऊन लागायचे थांबत नाही. कांदा खिशात ठेवू नका, भाकरीबरोबर खा.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

परतीचा चढ

परत निघेपर्यंत साडेनऊ झाले होते. पर्वतीच्या पायथ्यावरून स्वारगेटला आलो. पर्वतीला शहराचे मोठे जलकेंद्र आहे. तिथे खडकवासल्याचे पाणी येते. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या साखळीतले पाणी पुणेही पिते आणि त्याच साखळीच्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची पिकेही उभी असतात. आवर्तन लांबले की आपण शहराला बोल लावतो, ते उगीच नसते. पण त्या दिवशी मनात आले, की आपलीच पोरे इथे या पाण्याच्या काठावर तहानेली फिरत आहेत.

आता सातारा रस्त्याचा चढ लागला. डांबर तापले होते. भाचा जोर लावू लागला तसा मी म्हटले, "उतर, चढावर हातात धरून चाल. कोणी बक्षीस देणार नाही." वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबलो. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि चाकात हवा या सोयी पंपाने लोकांना मोफत द्यायच्या असतात. त्यासाठी इंधन घ्यावे लागत नाही. भाच्याला हे ठाऊक नव्हते. तिथे बाटल्या भरल्या, तो लघवीला जाऊन आला. मी विचारले, "रंग कसा?" तो लाजला, पण सांगितले, फिकट पिवळा. फिकट असेल तर पाणी पुरेसे आहे. गर्द, मोहरीच्या तेलासारखा असेल तर कमी पडले आहे. यापेक्षा स्वस्त तपासणी दुसरी नाही.

खोलीवर पोचल्यावर पुन्हा काट्यावर उभा केला : ५७ किलो ८०० ग्रॅम. वाटेत पाणी आणि ताक मिळून तो एक लिटर ४०० मिलिलिटर प्याला होता, खाल्ले काही नव्हते. म्हणजे अंगातून सुमारे दोन लिटर पाणी गेले होते, आणि तेही सकाळच्या वेळी, थांबत थांबत. काहीच प्याला नसता तर वजनाच्या तीन टक्क्यांहून जास्त उतरला असता. भाचा काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी तर मी भर दुपारी अडीच तास फिरत होतो." त्यावर मी काही बोललो नाही. उरलेले सहाशे ग्रॅम भरून काढायला त्याच्या दीडपट, म्हणजे सुमारे ९०० मिलिलिटर पाणी पुढच्या दोन-तीन तासांत थोडे थोडे प्यायला सांगितले आणि आम्ही जेवायला बसलो.

आता तो खोलीवरूनच लिटरच्या दोन बाटल्या भरून नेतो, एक पाण्याची आणि एक सरबताची. त्यांना ओले सुती फडके गुंडाळतो. रांजणाचे पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने या बाटल्याही राहतात. वाटेतल्या पाणपोया आणि पेट्रोल पंप त्याने हेरून ठेवले आहेत. बारा ते तीनच्या फेऱ्या शक्य तितक्या टाळतो. सुट्टीहून आल्यावर पहिला आठवडा कमी फेऱ्या करतो, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. वीस रुपयांच्या बाटलीचा प्रश्न असा सुटला.

लक्षणे ओळखा

डोके दुखणे, पायात गोळे येणे, चक्कर, मळमळ ही पहिली सूचना. लगेच सावलीत थांबा, कपडे सैल करा, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, बेशुद्ध पडू लागला आणि अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजा. घाम असो वा नसो. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघा यांवर ओली फडकी ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते.

हे सारे बहिणीला सांगायला गावी गेलो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "दादा, खुरपायला गेल्यावर मी तरी कुठे पिते? आडोसा नाही. सगळ्याच बाया घरूनच कमी पिऊन निघतात." पोराची सवय कोठून आली ते मला तेव्हा कळले. पाणी मारून राहिल्याने बायकांना लघवीच्या जागेची जळजळ होते, मुतखडे होतात, आणि ऊन लागते ते वेगळेच. दुसऱ्याच दिवशी मेहुण्यांनी बांधाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवून जुन्या शेडनेटचा आडोसा केला, आणि बाभळीखाली झाकणाचा एक माठ ठेवला. खर्च फारसा आला नाही. मजुरीवर येणाऱ्या बायांनी त्याचे नाव काढले.

वाचकहो, तुमचेही कोणी पुण्यात सायकलवर असेल. रात्री फोन कराल तेव्हा जेवलास का, असे विचारताच. त्याच्या जोडीला आज पाणी किती प्यालास, हेही विचारा. आणि फोन ठेवला, की आपल्या शेतावर आडोसा आणि माठ आहे का, ते बघा.